अस्तरातला स्पंज

१४ मार्च

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आजपासून लिहिते आहे. थोरलीने दिवसभरात काय खाल्लं, इन्सुलिन किती टोचलं, साखर किती आली. एवढंच लिहायचं आहे, पण मला एवढ्यावर थांबता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

गल्लीतले डॉक्टर आज सरळच म्हणाले, "बाई, तुमची मुलगी मला फसवतेय आणि तुम्हालाही. सव्वीस वर्षांची पोर दिवसाला एकशेसाठ युनिट घेते आणि साखर तीनशेच्या खाली येत नाही, असं मी तीस वर्षांत पाहिलं नाही. एकतर ती टोचून घेत नाही, नाहीतर चोरून खाते." थोरली शेजारच्याच खुर्चीत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवी वही कशाला, म्हणून घरच्या मापांच्या वहीची मागची कोरी पानं काढली. ही वही यांनी बांधून दिलेली. यांचा बाइंडिंगचा धंदा, आमच्या घरात एक वेळ मीठ नसेल पण पुठ्ठा आणि खळ असतेच. माझ्या शिवणाच्या गिऱ्हाइकांची मापं दुकानात, घरच्यांची इथे. दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी दोघी मुलींना भिंतीला उभं करून मी मापं घेत आले आहे. थोरली नोकरीला लागली तरी तिला सोडलं नाही.

साखर ३१२. दोन चपात्या, भाजी, ताक. माझ्यासमोर.

१६ मार्च

आता मीच टोचते. सकाळी ऐंशी, संध्याकाळी ऐंशी. पोटावर टोचायचं, कारण दंडाला आणि मांडीला चिमटीत धरायला काही सापडतच नाही. साखर ३०५. मी स्वतः टोचलंय, म्हणजे ते कारण संपलं. राहिलं खाणं.

"भूक लागते गं आई," ती म्हणाली. "जेवून उठते ना, तेव्हासुद्धा लागलेली असते."

"ती भूक नव्हे, तोंडाचा चाळा आहे," मी म्हटलं. हे म्हणाले, "अगं, पोरगी भुकेली आहे म्हणते तर दे की काहीतरी." बापाला काय, लाड करायला मोकळा.

१९ मार्च, रविवार

तिला न्हाणीघरात बसवून मान घासली. मानेवर काळा, जाडसर पट्टा झालाय, किती वर्षं सांगते आहे की नीट घासत जा. आज लाल होईपर्यंत घासलं. ती ओरडली, पण मळ काही निघाला नाही. तसा माझ्याही मानेवर आहे, पण माझी गोष्ट वेगळी, मी तीस वर्षं मशीनवर वाकते आहे. ती चष्म्याच्या दुकानात खुर्चीत बसून लोकांना फ्रेमा दाखवते.

साखर २९०. मी खूश झाले. ती नाही झाली.

२६ मार्च, रविवार

तिचा नवा कोट बेतला. कापड राखाडी, अस्तर निळं. आणि अस्तराच्या आत नेहमीप्रमाणे स्पंज.

हे कधी कुठे लिहिलेलं नाही, तर आज लिहून टाकते. थोरली तेरा वर्षांची होईस्तोवर चारचौघींसारखी गुबगुबीत होती. मग काय झालं कोण जाणे, वर्षा-दीड वर्षात हातापायांवरचं सगळं उतरलं. राहिले नुसते पीळ आणि शिरा. चेहरा मात्र गोल, उलट जास्तच भरला. शाळेच्या खेळांत अर्धी चड्डी घालावी लागली आणि पोरींनी 'पैलवान' नाव ठेवलं. घरी येऊन तिने माझ्या मांडीत डोकं खुपसलं आणि म्हणाली, मी शाळेत जाणार नाही. मी शिंपीण आहे, डॉक्टर नाही. मी त्या रात्रीच तिच्या बाह्यांत आणि स्कर्टात पातळ स्पंज बसवला. मांडीला जाड, गुडघ्याकडे विरत नेलेला, दंडाला अर्धा इंच. सकाळी तिने आरशात पाहिलं आणि शाळेत गेली. तेव्हापासून तिचा बाहेरचा एकही कपडा मी न भरता शिवलेला नाही. उन्हाळ्यातसुद्धा नाही. तिच्या दुकानातल्या बाया म्हणतात, काय बांधा आहे मुलीचा! माझ्या हातची एवढी सफाई दुसऱ्या कुठल्या कपड्यात नाही.

आमच्याकडे बायकांचे हातपाय काटकच. माझी आई तशीच होती, बावन्नाव्या वर्षी पोटात कळ येऊन दोन दिवसांत गेली, तोवर पाण्याच्या दोन-दोन घागरी उचलायची. मीही तशीच. पण मी लांब बाह्या शिवते आणि मोकळी होते.

२ एप्रिल, रविवार

आज फार वाईट वागले.

तिच्या कपाटात, चादरींच्या खाली, बिस्किटांच्या पुड्याचे चार रिकामे कागद सापडले. मी ते तिच्या ताटाशेजारी मांडले. म्हटलं, "हे काय आहे?" ती म्हणाली, "माझे नाहीत." मी म्हटलं, "मग काय भिंतींनी खाल्ले? आई तुला सुया टोचते, रात्री उठून साखर बघते, आणि तू तोंडावर खोटं बोलतेस?" ती ताटावरून उठली. यांनीही ताट सारलं आणि जेवण गार झालं.

संध्याकाळी धाकटी माझ्याजवळ आली. बारा वर्षांची आहे, गाल लाल झाले होते. "आई, ते माझे होते. ताईच्या कपाटात तू शोधणार नाहीस असं वाटलं होतं." ही धाकटी अजून लोण्याचा गोळा आहे, बिस्किटं दिसली की हिला दम निघत नाही.

मी थोरलीकडे गेले. दाराबाहेरून परत आले. उद्या बोलेन.

५ एप्रिल

अजून बोलले नाही. ती आता माझ्यासमोर जेवतच नाही. भूक नाही म्हणते. साखर ३३०. न खाता ३३०. हे मी वहीत लिहिते आहे, पण मला यातलं काही समजत नाही.

११ एप्रिल

गल्लीतल्या डॉक्टरांना वही दाखवली. त्यांनी कोटासकट वजन केलं, अडुसष्ट किलो. म्हणाले, "हे बघा. न खाणाऱ्याचं वजन असं असतं का? आधी दहा किलो उतरवा, मग माझ्याकडे या." यायच्या वाटेवर थोरली मला म्हणाली, "स्पंजचं किती असेल गं? पाव किलो?" आणि हसली. मलाही हसू आलं. महिन्याभराने दोघी हसलो. तेव्हाच माफी मागायला हवी होती.

२८ एप्रिल, शुक्रवार

थोरलीच्या दुकानातून फोन आला. ती काउंटरवर पोट धरून कोसळली.

मोठ्या इस्पितळात गेलो तेव्हा नर्स कात्रीने तिचा राखाडी कोट कापत होती. कात्री उलटी धरली होती. एवढ्या गडबडीत माझं लक्ष कशाकडे जावं! कापलं आणि आतला स्पंज बाहेर आला. नर्स दचकली. तिला वाटलं काहीतरी भलतंच आहे. तिने तरुण डॉक्टरीणबाईंना हाक मारली. बाईंनी तो तुकडा हातात धरून विचारलं, "हे काय आहे?"

"मी शिवलंय," मी म्हटलं.

मग त्यांनी थोरलीचे हात पाहिले, पाय पाहिले, मान पाहिली. आणखी दोघांना बोलावलं. रक्ताची नळी उजेडात धरली तर तिच्यात वर दुधासारखा पांढरा थर. मी म्हटलं, हिचं रक्त नासलं की काय? बाई म्हणाल्या, "ती चरबी आहे. रक्तात आहे." मग हळूच विचारलं, "हातपाय असे कधीपासून आहेत? कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

माझ्या आलं होतं. मीच तर झाकलं. तेरा वर्षं डॉक्टरांसमोर ती कोट घालूनच बसली. हे मी मोठ्याने बोलले की नाही ते आता आठवत नाही.

३० एप्रिल

स्वादुपिंडाला सूज आहे. पोटातल्या पोटात ते स्वतःलाच जाळतंय असं म्हणाल्या. नळ्या लावल्यात. तोंडाने काही द्यायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मापांची वही मागितली. मी पळत घरी जाऊन आणली. बारावं वर्ष: दंड साडेआठ इंच, मांडी साडेसतरा. तेरावं: उंची दोन इंचांनी वाढली, दंड आठ, मांडी पावणेसतरा. चौदावं: दंड सव्वासात, मांडी पंधरा. छाती, मान, चेहरा मात्र भरत गेलेले. त्यांनी प्रत्येक पानाचा फोटो काढला. "इतकी व्यवस्थित नोंद आमच्याकडेही नसते," म्हणाल्या. मला क्षणभर अभिमान वाटला. मग थोरलीकडे नजर गेली आणि जमीन फाटून गिळेल तर बरं असं झालं.

१ मे

आज त्यांनी मला बाकावर बसवून समजावलं. हिला झालेला मधुमेह नेहमीचा नव्हे. शरीराच्या काही भागांतली चरबीच नाहीशी होते, असा तो दुर्मीळ आजार आहे. त्यांनी माझ्याच धंद्यातलं उदाहरण दिलं. म्हणाल्या, "घरात कपाटच नसेल तर कपडे कुठे ठेवाल? जमिनीवर, खुर्चीवर, स्वयंपाकघरात. तिची चरबी तशीच नको तिथे जाते, रक्तात, यकृतात. त्यामुळे इन्सुलिन कितीही द्या, ते चालत नाही. मानेवरचा तो काळा पट्टाही त्याचीच खूण, मळ नव्हे. तिने काही चोरून खाल्लेलं नाही."

"पण तिला सारखी भूक लागते," मी म्हटलं.

"लागणारच. पोट भरल्याचा निरोप मेंदूला ही चरबीच देते. हिच्यात निरोप देणारं पुरेसं उरलेलंच नाही. ती खरोखर भुकेली असते."

तोंडाचा चाळा म्हणाले होते मी.

आजार घराण्यातून येतो म्हणाल्या. मी सांगितलं, यांच्या आत्याला साखर होती. त्या म्हणाल्या, तुमची बाही जरा वर करता का? केली. त्यांनी बघितलं, मग वहीतलं माझं पान बघितलं. म्हणाल्या, तुम्हीही रक्त तपासून घ्या, आणि धाकटीलाही एकदा आणा. म्हटलं, माझं काय जळलंय, आधी हिचं बघा. धाकटी तर चांगली गोलमटोल आहे.

९ मे

वाचली. घरी आणली. दोन बोटं मांडीला लावली तर हाडापर्यंत जातात.

तिच्या खोलीत गेले आणि दारातच म्हटलं, "बिस्किटं तुझी नव्हती." ती म्हणाली, "माहितेय मला. धाकटीने तेव्हाच सांगितलं होतं." म्हणजे महिनाभर हिला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे, आणि ही वाट बघत होती. मी तिच्या पायांशी बसून रडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, जशी तीच आई.

"स्पंज घातला नसता तर डॉक्टरांनी कधीच ओळखलं असतं," मी म्हटलं.

"तू भरून शिवायचीस, तेव्हा रस्त्यावर बरं वाटायचं," ती म्हणाली. "घरी आल्यावर कपडे खुंटीला लावले, की वाटायचं, माणूस तिथे लटकलाय आणि उरलंसुरलं मी." मग म्हणाली, "आई, मला एक झगा शीव. बिनबाह्यांचा. आत काही घालायचं नाही."

२१ मे, रविवार

पिवळ्या कापडाचा शिवला. खऱ्या मापावर कात्री चालवली. दंडाला सहा इंच. एवढं कमी माप मी लहान मुलांखेरीज कोणाचं कापलेलं नाही.

तो घालून ती उद्यापासून कामावर जाणार आहे. मी म्हटलं, वर काहीतरी घे. नाही म्हणाली.

२२ मे

दुकानात एका म्हाताऱ्या बाईने तिला विचारलं, "पोरी, व्यायाम करतेस वाटतं?" ही म्हणाली, "हो आजी, जन्मापासून." जेवताना आम्हाला सांगताना इतकी हसली की ह्यांना ठसका लागला. इतक्या दिवसांनी घर घरासारखं वाटलं.

माझ्या पोटात डावीकडून पाठीपर्यंत काहीतरी ओढल्यासारखं होतं. मशीनवर वाकून बसण्याचा परिणाम. खुर्चीला उशी लावली.

२१ जून

एक औषध आहे. चरबी जे हार्मोन बनवते तेच बाहेरून टोचायचं. परदेशातून येतं. डॉक्टरीणबाईंनी अर्ज केलाय, सोबत माझ्या वहीच्या पानांचे फोटो जोडलेत. थोरली म्हणते, "आई, तुझं अक्षर आता परदेशी जाणार." मी रोज विचारते, उत्तर आलं का. साखर २९८. तेल, तूप, दूध बंद. ती उकडलेल्या भाज्या खाते आणि भुकेली उठते. आता मी तिला भूक लागते का असं विचारत नाही, कारण उत्तर माहीत आहे आणि देण्यासारखं काही नाही.

१७ जुलै

औषधवाले नाही म्हणाले. ज्यांच्या सगळ्या अंगातली चरबी गेली आहे त्यांनाच देतात. हिची चेहऱ्यावर, मानेवर आहे. म्हणजे पुरेशी आजारी नाही! बाईंनी पुन्हा अर्ज केलाय, पण पत्र हातात देताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी गिऱ्हाइकाला वेळेवर कपडा देणार नसले की असंच दुसरीकडे बघते.

धाकटीला तपासायला आणा, असं तिसऱ्यांदा सांगितलं. शाळेच्या परीक्षा संपू देत.

९ ऑगस्ट

परत कळ. परत इस्पितळ. या वेळी ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडली. किडनीही साथ सोडते आहे म्हणतात. हे बाहेर बाकावर कुठल्यातरी पुस्तकाची सुटलेली शिवण शिवत बसतात. हात रिकामे ठेवले की ह्यांना रडू येतं.

१३ ऑगस्ट

शुद्धीवर होती थोडा वेळ. मी विचारलं, काही हवंय का? म्हणाली, "भूक लागलीये गं." तोंडातून काही द्यायची बंदी आहे. मी ओला कापूस ओठांना लावला.

१५ ऑगस्ट

सकाळी सव्वाअकराला गेली.

पिवळा झगा घातला. माझ्या हातांनी. बरोबर बसला, कुठे एक टाका घालावा लागला नाही.

३ सप्टेंबर

दुकान उघडलं. एका बाईने कोट शिवायला टाकला आणि खांद्यात स्पंज घाला म्हणाली. मी म्हटलं, माझ्याकडे स्पंज नाही. दोन पोती होता, काल भंगारवाल्याला देऊन टाकला. बाई दुसऱ्या दुकानात गेली.

पोटातली ओढ वाढली आहे. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवते, रात्रीत तीनदा रिकामा होतो. शोक माणसाचा घसा कोरडा करतो असं दिसतं.

२४ सप्टेंबर, रविवार

धाकटीचे शाळेचे कपडे आखूड झालेत. या वर्षी तिची मापं राहूनच गेली होती. आज भिंतीला उभी केली, तिथे ताईच्या उंचीच्या खुणा अजून आहेत. उंची अडीच इंच वाढली, म्हणजे पोरगी उफाड्याची निघणार असं यांना ओरडून सांगितलंसुद्धा. मग दंडाला टेप लावला. मग मांडीला.

मागच्या वर्षी सतरा होती. आज पावणेसोळा.

टेप नीट बसला नसेल म्हणून सोडून पुन्हा लावला. मग जरा सैल धरून लावला. पावणेसोळाच. पान उलटून थोरलीचं तेरावं वर्ष काढलं आणि दोन्ही पानं शेजारी धरली. मग मागे जाऊन माझं पान काढलं. डॉक्टरीणबाई मे महिन्यातच ते पान बघून मला रक्त तपासा म्हणाल्या होत्या. माझी आई, मी, थोरली. यांच्या आत्याचा काही संबंध नाही.

धाकटी माझ्याकडे बघत होती. तिने दोन्ही पानांवरचे आकडे पाहिले असणार.

"आई," ती म्हणाली, "मलाही ताईसारखं आतून भरून शिवशील का? वर्गातल्या मुली..."

"नाही," मी म्हटलं.

मग पेन घेऊन तिच्या पानावर पावणेसोळा लिहिलं.